भाताचं बी मिठाच्या पाण्यात टाकलं, अंडं मधेच लटकलं. वर आलेलं बी फेकू का?

शाईवाला (२९ मे, रात्री ९:४०)

मंडळी, नमस्कार. शेतीत नवा आहे, प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या. सव्वीस वर्षं ठाण्यात ऑफसेटच्या मशीनवर काढली. प्रेस बंद झाली तेव्हा गेल्या वर्षी गावी आलो, संगमेश्वर तालुक्यात. घराखालची वीस गुंठे भातजमीन इतकी वर्षं काकीच बघत होती. ती आता चौऱ्याहत्तरची आहे. गेल्या हंगामात मी तिच्या हाताखाली राबलो. यंदा सगळं माझ्या अंगावर टाकून ती पडवीत बसते आणि तिथून चुका काढते.

बी घरचंच, जया वाणाचं. गेल्या वर्षी ऐन कापणीत पाऊस आला, खालच्या कुणग्यातलं (खाचरातलं) भात आडवं झालं. वरच्या कुणग्यातलं त्यातल्या त्यात बरं होतं, ते आठ किलो बियाण्याला बाजूला ठेवलं. कृषी सहाय्यक वाडीवर आले होते, ते म्हणाले, घरचं बी आहे तर मिठाच्या पाण्यातून काढा. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ, वर तरंगेल ते फेकायचं, तळाला बसेल ते पेरायचं. सोपं वाटलं.

आज सकाळी मोठ्या बादलीत मोजून दहा लिटर पाणी घेतलं, किलोच्या खड्या मिठाच्या पिशवीतलं अंदाजे तिसरा हिस्सा मीठ घातलं. एवढ्यात काकी आली. हातात अंडं, सकाळीच कोंबडीखालून काढलेलं. "अंडा टाकून बघितलास काय?" मी म्हटलं, अंड्याचा काय संबंध. तिने सोडलं, ते सरळ बुडाशी जाऊन आडवं पडलं. "बघ. अंडा वर येस्तवर मीठ घालायचा आसतो. तुझा ह्या पानी वरनाला पन चालायचा नाय." मग मी उरलेली सगळी पिशवी ओतली. जरा ढवळलं. अंडं तळापासून सुटलं, वीतभर वर आलं आणि तिथेच थांबलं. वर नाही, खाली नाही. पाण्याच्या मधोमध उभं, जसं कोणी दोऱ्याने टांगलंय. बोटाने दाबलं की खाली जायचं, पुन्हा त्याच जागी. काकी म्हणाली भूत आहे. गंमतीत म्हणाली, पण म्हणाली.

मी कंटाळून तसंच त्यात चार किलो बी ओतलं. त्याचेही तीन थर झाले. थोडं तळाला, बरंच वर, आणि काही दाणे अंड्याच्या सोबतीला मधेच. वरचं सगळं रोवळीने काढलं, वाळलेल्याच्या हिशोबाने दीड किलो तरी असेल. काकी ते कोंबड्यांना घालायला निघाली होती, मी अडवलं. चारातलं दीड किलो फोल निघालं तर माझा तरवाच, म्हणजे लावणीची रोपंच, पुरा पडणार नाही.

तर तीनशे ग्रॅम खरं की अंडं खरं? हे वरचं बी खरंच फुकट आहे का? आणि ते अंडं मधे का लटकलं, हे कुणी सांगितलंत तर आज झोप लागेल. उरलेलं चार किलो अजून गोणीत कोरडं आहे.

---

बांधावरून (२९ मे, रात्री १०:०५)

साहेब, वीस गुंठ्यांना आठ किलो बी लागतं. दुकानातून प्रमाणित बियाण्याची पिशवी आणा, विषय संपला. कशाला अंडी नि बादल्या.

---

परीक्षानळी (२९ मे, रात्री १०:५२)

शाईवाले, आधी एक सांगा, ते बी अजून मिठाच्या पाण्याने ओलंच आहे का? असेल तर पुढचं वाचू नका. उठा, तळाचं आणि वरचं दोन्ही वेगवेगळं ठेवून साध्या पाण्यात तीन तीन वेळा धुवा, सावलीत गोणपाटावर पसरा, आणि मग या.

आलात? बरं.

मी चिपळूणला एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहाय्यक होतो, एकतीस वर्षं. प्राध्यापक बदलले, बाटल्या मीच धुतल्या. आता निवृत्त, घरचं थोडं भात आहे. त्यामुळे तुमच्या बादलीतल्या दोन्ही बाजू मला ओळखीच्या आहेत.

अंड्याचं आधी, म्हणजे झोपाल. तुम्ही मीठ ओतलंत आणि "जरा" ढवळलंत. खडे मीठ तळाला बसलं आणि तिथेच विरघळायला लागलं. मिठाचं पाणी साध्या पाण्याहून जड, ते उठून वर कशाला येईल? तळाला घट्ट खारट थर, वर पातळ, असे दोन मजले झाले. अंडं वरच्या पाण्यापेक्षा जड आणि खालच्यापेक्षा हलकं. ते बरोबर जिन्यात थांबलं. दाणेही तिथेच अडकले, ते त्याच वजनाचे. आम्ही अकरावीच्या मुलांना हे मुद्दाम करून दाखवायचो. काचेच्या बरणीत आधी मिठाचं पाणी, त्यावर चमच्याच्या पाठीवरून हळूच साधं पाणी, मग अंडं. मुलं घरी गेली तरी ते लटकलेलंच. एकदा शनिवारी लावून सोमवारी आलो तर तसंच होतं. न ढवळता मीठ वर पसरायला फार वेळ घेतं, चहातली साखर जशी तळाशी राहते तसं. काकींना सांगा, भूत नाही, आळस आहे. (हे शब्द माझे आहेत असंच सांगा, मला तुमच्या घरी यायचं नाहीये.)

आता तीनशे ग्रॅम की अंडं. दोघंही खरं बोलतायत, पण वेगवेगळ्या गोष्टीबद्दल.

एक लिटर साधं पाणी साधारण एक हजार ग्रॅम भरतं. दहा लिटरमध्ये तीनशे ग्रॅम मीठ पूर्ण विरघळलं की त्याचं एक लिटर भरतं साधारण १०२० ग्रॅम. ताजं अंडं आपल्याएवढ्या पाण्याच्या १.०८ पट जड असतं. म्हणजे लिटरला १०८० ग्रॅमच्या आसपास पाणी झाल्याशिवाय ते डोकं वर काढणार नाही. त्यासाठी दहा लिटरला सव्वा किलोच्या थोडं वर मीठ लागतं. तुमची अख्खी पिशवी एक किलोची. ती नीट विरघळली असती तरी पाणी १०६४ पर्यंतच गेलं असतं, आणि अंडं पुन्हा तळाला जाऊन बसलं असतं. न ढवळल्यामुळे निदान मधे तरी लटकलं.

मीठ घातल्यावर पाणी जड का होतं, तर किलोभर मीठ विरघळलं तरी दहा लिटरचं जेमतेम दहा लिटर आणि एक तांब्याभर पाणी होतं. वजन किलोने वाढलं, जागा मात्र फार वाढली नाही. आपल्या एसटीत कंडक्टर "पुढे सरका, पुढे सरका" म्हणत वीस माणसं कोंबतो आणि गाडी लांब होत नाही, त्यातला प्रकार. पण कितीही कोंबलं तरी शंभर मिली पाण्यात छत्तीस ग्रॅमच्या पुढे मीठ विरघळत नाही. गरम पाणी घेतलंत तर लवकर विरघळेल, जास्त नाही. साखरेचं तसं नसतं, ती गरम पाण्यात कितीतरी जास्त मावते. मीठ त्या बाबतीत हट्टी.

आता दाणा. तांदूळ धुताना धड दाणा कधी तरंगलेला पाहिलात? नाही. कोंडा येतो, पोखरलेला दाणा येतो. तांदूळ पाण्याहून चांगला जड. मग भात का तरंगतं? तूस आणि दाणा यांच्यात हवा असते म्हणून. दाणा भरलेला असेल तर हवेला जागा कमी, बी बुडतं. दाणा अर्धाच भरला असेल तर तुसाची नुसती होडी. म्हणून तीन टक्क्यांच्या पाण्यात फक्त खरंखुरं पोचट वर येतं. अंड्याच्या पाण्यात पोचट तर येतंच, शिवाय जे भरलंय पण जरा रोडावलंय तेही वर येतं. जपानात भाताच्या बियाण्याला यापेक्षाही कडक चाळणी लावतात, साध्या भाताला १.१३, चिकट भाताला १.०८. दहा लिटरला दोन किलोच्या वर मीठ झालं की ते १.१३. तिथे वाणही वेगळे, आणि इतकं बी बाजूला काढून टाकायची तयारीही.

माझं मत विचाराल तर गेल्या वर्षीसारखं पावसात सापडलेलं आठच किलो बी असताना काकींच्या अंड्याच्या नादी लागू नका. तीनशे ग्रॅमवर करा. ज्या वर्षी भात टंच भरलंय आणि बी हवं तेवढं आहे, त्या वर्षी अंडं. सर्वात टपोरं बी निवडायला त्याच्यासारखं नाही.

पण तुमचं खरं नुकसान मिठाने झालेलं नाही. कोरडं बी ओतलंत आणि रोवळीने लगेच काढलंत ना? तुसावर बारीक लव असते, तिच्यात हवा अडकते. चांगला जड दाणासुद्धा अंगावर बुडबुडे घेऊन वर बसून राहतो. शिवाय चार किलो एकदम म्हणजे गर्दी, खालच्याला वर यायला वाट नाही, वरच्याला खाली जायला नाही. एका वेळी किलो-दीड किलो घ्या, हाताने चोळत ढवळा, मिनिटभर थांबा, पुन्हा ढवळा, मग तरंगेल तेच काढा. मात्र तासभर तसंच ठेवूनही चालत नाही, पोचट दाण्यात पाणी शिरलं की तोही जड होऊन चांगल्यांच्या पंगतीत जाऊन बसतो.

ते दीड किलो कोंबड्यांना घालू नका. धुतलेलं साध्या पाण्यात टाका, चोळा, काय बुडतं बघा. बुडेल त्यातले शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळा. आणि तरंगेल त्यातलेही शंभर, वेगळ्या गोणपाटात. चार-पाच दिवसांनी मोड मोजा. मिठाचं पाणी बी किती जड ते सांगतं, जिवंत आहे का ते सांगत नाही.

---

बांधावरून (२९ मे, रात्री ११:१५)

एवढं वाचेपर्यंत मी दुकानात जाऊन पिशवी घेऊन आलो असतो.

---

परीक्षानळी (२९ मे, रात्री ११:२१)

रात्री सव्वाअकरा वाजता कुठलं दुकान उघडं असतं हो तुमच्याकडे?

थट्टा सोडा, पिशवीचं तुमचं चुकीचं नाही. प्रमाणित बी आधीच निवडलेलं असतं, त्याला मिठाचं पाणी लागत नाही, आणि किमान ८० टक्के उगवण हा नियमच आहे. घरच्या बियाण्याला हा सगळा खटाटोप.

---

खारेपाटकर (३० मे, सकाळी ७:३०)

अलिबागच्या खारेपाटातून. माझा प्रश्न जरा वाकडा आहे. समुद्राच्या पाण्यात लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास क्षार असतात असं शाळेत शिकलोय. मग तीन टक्के म्हणजे जवळपास समुद्रच झाला ना? मीठ विकत कशाला, कळशी भरून आणली की काम झालं. आमच्या दारात खाडी आहे.

---

परीक्षानळी (३० मे, सकाळी ८:१०)

वाकडा नाही, सरळच आहे. समुद्राचं पाणी लिटरला १०२५ ग्रॅमच्या आसपास भरतं, म्हणजे तीनशे ग्रॅमच्या बादलीपेक्षा किंचित जडच. फोल निवडायला चालेल. पण तुम्ही समुद्र म्हणालात आणि कळशी खाडीतून भरताय. खाडीत गोडं पाणी मिसळतं. भरतीला वेगळं, ओहोटीला वेगळं, आणि एकदा पाऊस लागला की वरचा थर जवळजवळ गोडाच. शाईवाल्यांच्या बादलीसारखाच दुमजली प्रकार, फक्त मोठा.

मोजून घ्यायचं असेल तर अंडंबिंडं सोडा. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा असेल तर पाण्याची रिकामी लिटरची बाटली घ्या. आधी रिकामीचं वजन. मग काठोकाठ साधं पाणी भरून वजन. मग तीच बाटली काठोकाठ खारं पाणी भरून. दोन्हीतून रिकाम्या बाटलीचं वजन वजा करा आणि खाऱ्याला साध्याने भागा. १.०२ आलं म्हणजे तीन टक्के. अंडं ताजं आहे की शिळं याची चिंता नको. तो अंड्याचा मोठा दोष आहे. अंडं जुनं होतं तसं कवचातून ओल उडत जाते, आत हवेची पोकळी वाढते, आणि काही आठवड्यांचं अंडं साध्या पाण्यातही उभं राहतं, फार जुनं असेल तर तरंगतंच. बाजारातलं अंडं घालून कुणी मीठ मोजलं तर पाणी पातळ असतानाच "झालं, वर आलं" म्हणेल. शाईवाल्यांच्या काकींनी कोंबडीखालचं त्या सकाळचं अंडं आणलं, यातच त्यांचा अनुभव कळतो. माझा कालचा शब्द मागे घेतो.

---

आगोटी (३० मे, दुपारी २:४५)

देवगडकडची. आमच्या घरात अंडं चालत नाही, सासूबाई बटाटा टाकायच्या. गोल, घट्ट, मध्यम. बटाटा वर आला की मीठ पुरे. मला वाटायचं ही सोवळ्यातली पळवाट आहे, पण वरचं वाचून कळलं की दोघांचं वजन जवळजवळ सारखंच असणार.

दोन गोष्टी सांगते, वरच्या उत्तरात राहून गेल्यात. एक, मिठाने रोग जातो असं आमच्याकडेही म्हणतात, ते तसं नाही. रोगट दाणा हलका असतो म्हणून वर येऊन निघून जातो, इतकंच. तळाच्या बियाण्याला औषध लावावंच लागतं. धुऊन, २४ तास सावलीत वाळवून, पेरायच्या आधी किलोला अडीच ग्रॅम थायरम. हातात पिशव्या घालून चोळा. आणि औषध लावलेलं बी उरलं तर कोंबड्यांना अजिबात नाही.

दुसरं धुण्याचं. आम्ही रहू करतो, म्हणजे मोड आणूनच चिखलात फेकतो, त्यामुळे बी धुण्यातली चूक आम्हाला दोन दिवसांत दिसते. एका वर्षी पाहुणे आले आणि बी दुपारपर्यंत मिठाच्या पाण्यातच राहिलं. वर एकदाच धुतलं. मोड आले पण विरळ आणि रुसल्यासारखे. बाजूला न भिजवलेलं थोडं होतं ते भराभर आलं. तेव्हापासून मी धुतलेलं शेवटचं पाणी जिभेवर घेऊन बघते. खारट लागलं की पुन्हा एक पाणी.

आणि ते मिठाचं पाणी तरव्याच्या वाफ्यात ओतू नका हो. आमच्याकडे माडाच्या आळ्यात जातं, तेही भरपूर साधं पाणी मिसळून आणि खोडापासून लांब.

---

परीक्षानळी (३० मे, दुपारी ३:३०)

बटाट्याचं बरोबर. पिठूळ बटाटा १.०८ च्या आसपास, पाणीदार जरा हलका. म्हणजे बटाट्याची जात बदलली की मिठाचं माप बदललं, एवढं धरून चाला.

भांड्याचं मीही विसरलो. प्लास्टिकची बादली घ्या. लोखंडी घमेल्यात खारं पाणी ठेवलंत तर गंज, आणि ॲल्युमिनियमच्या टोपात पुन्हा पुन्हा केलंत तर त्याला टोचे पडतात.

---

शाईवाला (५ जून, रात्री ८:२०)

उशिरा लिहितोय, पण सगळं करून लिहितोय.

त्या रात्री परीक्षानळींनी उठायला सांगितलं तसा खरंच उठलो. बी ओलंच होतं, पडवीत रोवळीत. अकरा वाजता विहिरीवरून पाणी आणून बॅटरीच्या उजेडात धुतलं. काकी आतून विचारते, कोण पाणी सांडतंय.

दुसऱ्या दिवशी ते दीड किलो साध्या पाण्यात टाकून चोळलं. आणि मला एकदम आमचं मशीन आठवलं. ऑफसेटमध्ये सगळा खेळ यावरच असतो. प्लेट सपाटच, अक्षर उठावाचं नाही की खोदलेलं नाही. जिथे अक्षर तिथे शाई धरते आणि पाणी झटकते, जिथे कोरं तिथे पाणी धरतं आणि तेलकट शाईला उभं करत नाही. पाणी कमी झालं की कागद काळा, जास्त झालं की शाई फिकी. सव्वीस वर्षं मी कुठल्या अंगाला पाणी लागतं आणि कुठल्या लागत नाही याच्यावर पोट भरलं, आणि कोरड्या भाताला पाणी लगेच लागत नाही हे माझ्या डोक्यात आलं नाही. हाताने चोळल्याबरोबर दाण्यांवरून बुडबुडे सुटून येताना दिसले. दाणे एकेक करून खाली. अक्षरशः एकेक.

सुकवून मोजलं तेव्हा दीड किलोतलं नऊशे ग्रॅम खाली गेलं होतं. सहाशे वरच राहिलं. शंभर-शंभरच्या दोन पुरचुंड्या गोणपाटात बांधून चुलीच्या बाजूला उबेला ठेवल्या. काल उघडल्या. बुडलेल्यांत ८६ ना मोड. तरंगलेल्यांत ११ ना.

ते अकरा पाहून जरा वाईट वाटलं खरं. पण काकी म्हणाली की तसलं रोप चिखलात उभं राहत नाही, आणि यात तिच्याशी वाद घालायला माझ्याकडे काही नव्हतं. सहाशे ग्रॅम कोंबड्यांना. औषध लावायच्या आधीच घातलं, आगोटीताई.

उरलेलं चार किलो तीनशे ग्रॅमवर केलं. या वेळी मीठ वजन करून, विरघळेपर्यंत ढवळून, बाटलीने मोजून. माझी बाटली काठोकाठ १०३४ ग्रॅम साधं पाणी घेते, खारं भरलं १०५४. भागाकार केला तर १.०२ च्या जवळ. किलो किलोने टाकलं. चार किलोत साडेतीनशे ग्रॅम वर आलं, बस. म्हणजे पहिल्या दिवशी मी जवळजवळ किलोभर चांगलं बी कोंबड्यांच्या तोंडी देत होतो. एकूण सात किलोच्या थोडं वर झालंय. वीस गुंठ्यांना जरा कमी आहे, काकी म्हणते लावणीत चूड (एका जागी लावायची रोपांची जुडी) बारीक धर, पुरेल.

काकीला मी तिचं अंडं बरोबर होतं हेही दाखवलं. वेगळ्या बादलीत पाच लिटर पाण्यात साडेसहाशे ग्रॅम मीठ, पूर्ण ढवळून. ताजं अंडं वर आलं, वरच्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढा गोल पाण्याबाहेर. मग मूठभर बी टाकलं तर अर्ध्याच्या आसपास तरंगलं. काकीने ते पाहिलं, थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तेवा भात तसा पिकायचा." एवढंच म्हणाली.

एक शंका राहिली. मधे लटकलेले दाणे वेगळे काढून ठेवायला हवे होते का? ते मी तळाच्यात मिसळले.

---

परीक्षानळी (५ जून, रात्री ९:०५)

मिसळलेत ते ठीक केलंत. तुमचा तळाचा थर जवळपास मिठाने भरलेलाच होता, तिथे न जाता मधे थांबलेला दाणा म्हणजे साधारण अंड्याच्या वजनाचा. तो चांगलाच. तीन टक्क्यांत तो तळालाच गेला असता.

८६ उत्तम आहे. थायरम लावून झालं का? वेधशाळेचं बघून पेरा, वाफा भरून वाहिला तर एवढी निवड करून उपयोग नाही.

---

बांधावरून (५ जून, रात्री ९:४०)

मी काल पिशवी आणली. घरी उत्सुकता म्हणून मूठभर मिठाच्या पाण्यात टाकून बघितली. चार दाणे वर आले. चोळल्यावर तीन खाली गेले. कुणाला सांगू नका.

---

आगोटी (६ जून, सकाळी ६:५०)

शाईवाले, आणि त्या अंड्याचं काय केलंत? पहिल्या दिवशीच्या, लटकलेल्या.

---

शाईवाला (६ जून, सकाळी ७:१५)

काकीने त्याच रात्री त्याची पोळी केली, ऑम्लेटसारखी. दिवसभर मिठाच्या पाण्यात होतं म्हणून मी म्हटलं मीठ घालू नको. तिने ऐकलं, आणि पोळी अळणी झाली.